सव्वादोन वर्षांचा मुलगा, मोजून ८ शब्द. थांबू की दाखवू?

द्राक्षबागेतली | ९ ऑगस्ट, रात्री ११:५२

झोपलाय एकदाचा, म्हणून लिहायला बसले. लांबण लागेल, आधीच सांगते.

मुलगा परवा २ वर्षं ३ महिन्यांचा झाला. तो जे काही बोलतो ते लिहायला मी फ्रिजवर एक कागद चिकटवलाय. महिना झाला, कागदावर ८ ओळी आहेत. बाबा. मम. पा, म्हणजे पाणी. ट्ट, म्हणजे ट्रॅक्टर (आमच्या दारावरून दिवसभर फवारणीचे ट्रॅक्टर जातात). भू, म्हणजे कुत्रा, मांजर, शेळी, आणि दाढी वाढलेली असली की शेजारचे आप्पासुद्धा. नाय. दे. आणि एक 'अब्बू', ज्याचा अर्थ घरात अजून कोणाला लागलेला नाही. 'आई' नाही. त्याचं वाईट वाटतं, पण ते सोडा.

समजतं मात्र सगळं. 'भुर्र जायचं का?' म्हटलं की चपला घेऊन येतो, एक स्वतःची आणि एक माझी. हवं ते बोटाने दाखवतो, 'अं अं' करतो आणि माझ्या तोंडाकडे बघतो, की हिला कळलं का. नावाने हाक मारली की वळतो. जन्म ३८ आठवड्यांना, लगेच रडला, काचेत ठेवावं लागलं नाही. जन्मल्यावर कानाची तपासणी वगैरे त्या दवाखान्यात केली नव्हती.

मी पतसंस्थेत आहे. १० ते ६ तो सासूबाईंकडे असतो आणि त्या त्याला जीव लावतात, त्यात शंका नाही. पण त्याने तोंड उघडायच्या आधीच वस्तू त्याच्या हातात असते. त्यांचं म्हणणं एकच: 'त्याच्या बापानं तिसरं सरून गेलं तरी तोंड उघडलं नव्हतं. आता ऐक, फोनवर कसा भांडतो.' रोज सकाळी सहाणेवर वेखंड उगाळून मधातून जिभेला लावतात. देवघरातल्या शंखातलं पाणी पाजून झालं. मागच्या रविवारी मावससासूबाई पोपटाने उष्टा केलेला पेरू घेऊन आल्या, पिंपळगावहून, रुमालात बांधून. मी हसले तर वातावरण तापलं.

मुलांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मुलगे उशिराच बोलतात, ३ पर्यंत वाट बघा. नाशिकला एका ठिकाणी फोन केला तर स्पीच थेरपीचे ४५ मिनिटांचे ६०० रुपये, आठवड्यातून ३ वेळा. म्हणजे महिन्याला ७००० च्या वर, शिवाय येणं-जाणं आणि माझ्या रजा. पैशाचं कसंही करू. पण सासूबाई म्हणतात, 'तिथं नेलं की पोरावर शिक्का बसतो. गावात काय सांगणार?' नवरा ना हो म्हणतो ना नाही. हा विषय निघाला की उठून बागेत जातो.

मोबाईलचंही खरं सांगते. जेवताना लावतो. त्याशिवाय घास जात नाही.

थांबावं का ३ पर्यंत? ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी सांगा. उगाच धीर देऊ नका, खरं सांगा.

---

खडीसाखर | १० ऑगस्ट, सकाळी ७:१५

अहो ताई, कशाला एवढं टेन्शन! माझा पुतण्या साडेतीनला बोलायला लागला, आज वकिली करतो, घरात कोणाला बोलू देत नाही. आइन्स्टाईनसुद्धा उशिराच बोलला होता. प्रत्येक मुलाची आपली वेळ असते. बघा, एक दिवस असा सुरू होईल की तुम्हीच म्हणाल, बाबा गप्प बस.

---

ठाणे_लोकल | १० ऑगस्ट, दुपारी १:३०

खडीसाखर, आइन्स्टाईनचं राहू द्या. त्याने म्हातारपणी एका पत्रात लिहिलंय की मी बऱ्यापैकी उशिरा बोलायला लागलो, आईवडिलांना काळजी वाटली आणि त्यांनी डॉक्टरला विचारलं. म्हणजे त्यांनीही दाखवलंच.

द्राक्षबागेतली, तुम्ही खरं सांगा म्हणालात म्हणून आमचं सांगते.

माझी लेक २ वर्षांची होती तेव्हा ५-६ शब्द. आम्हीही थांबलो होतो, कारण 'ऐकू तर येतंय'. कुकरची शिट्टी झाली की स्वयंपाकघराकडे बघायची, बेल वाजली की दाराकडे धावायची. आता कानाचं काय तपासायचं? अडीच वर्षांची झाल्यावर वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत घेऊन गेले. केंद्र सरकारची संस्था आहे, १९८३ सालची, वांद्रे रेक्लमेशनला. तिथे पहिल्यांदा कोणीतरी मला म्हणालं की कुकरची शिट्टी ऐकू येणं आणि बोलणं ऐकू येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिच्या दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साठलेलं होतं. दुखत नाही, वाहत नाही, बाहेरून काही दिसत नाही. सारखी सर्दी व्हायची, तेवढंच. मला समजावलं ते असं: कानात बोटं घाला आणि दुसऱ्या खोलीतल्या माणसाचं बोलणं ऐका. सूर कळतो. कोण बोलतंय ते कळतं. पण स, श, त, क कुठे आहेत ते सांगता येत नाही. ती गेले कित्येक महिने मराठी अशी ऐकत होती.

तपासण्यांना घाबरू नका. ओएई म्हणजे कानात छोटं बूच घालतात, मिनिटभर मशीन ऐकतं, बस. इम्पिडन्समध्ये पडदा हलतो का ते आलेखावर दिसतं. डोंगर आला तर छान. आमची सपाट रेघ आली, त्याला ते 'बी टाईप' म्हणतात. बेरा, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघायची तपासणी, करायची वेळ आली तर मात्र मूल गाढ झोपलेलं लागतं. त्या दिवशी हिला पहाटे ५ ला उठवली आणि ठाण्यापासून अख्खा प्रवास झोपू दिली नाही. खिडकीतून बगळे दाखव, चणे दे, बाजूच्या कोळणींशी ओळख करून दे. आणि संस्थेच्या फाटकात शिरता शिरता बाईसाहेब खांद्यावर ढाराढूर. त्यांची खोली रिकामी व्हायच्या आत झोप पूर्ण करून ताज्यातवान्या! दुसऱ्यांदा यावं लागलं.

कानाच्या डॉक्टरांनी ३ महिने वाट बघितली, कारण बहुतेक मुलांचं हे पाणी आपोआप जातं. हिचं गेलं नाही. मग पडद्यात बारीक नळ्या बसवल्या, ग्रोमेट म्हणतात. संध्याकाळी घरी. तिसऱ्या दिवशी मी चटणीला मिक्सर लावला तर किंचाळून दोन्ही कान झाकले. त्याआधी तीच मुलगी मिक्सरला टेकून खेळायची.

थेरपी त्यानंतर ७-८ महिने केली. तुमच्या मुलाचं हेच असेल असं मुळीच म्हणत नाही. पण थेरपी करायची की नाही यावर घरात भांडण्याआधी कान तपासून घ्या. त्यावर सासूबाईसुद्धा नाही म्हणणार नाहीत. 'कान दाखवून आणते' याने शिक्काबिक्का काही बसत नाही.

---

बोलकं_पान | १० ऑगस्ट, रात्री ९:०५

मी ऑडिओलॉजी (म्हणजे ऐकण्याच्या तपासण्या) आणि स्पीच थेरपी दोन्हीत काम करते, १४ वर्षं झाली. इथे बसून मुलाचं निदान करणार नाही, करूही नये. पण तुमच्या मजकुरात बरंच काही आहे, त्यावर बोलते.

आधी तुमचा कागद. ८ ही मोजणी बरोबर आहे. पुष्कळ आया 'भू' आणि 'मम' धरतच नाहीत, 'ते काय शब्द आहेत का' म्हणून. आहेत. मूल एका गोष्टीला दर वेळी तोच आवाज वापरत असेल तर तो शब्द, मग तो कोशात असो नसो. म्हणून 'अब्बू'चा छडा लावा. तो म्हणतो तेव्हा हातात काय असतं, समोर काय असतं, तेवढं लिहून ठेवा.

आता कटू भाग. दोन वर्षांच्या सुमारास साधारण ५० शब्द आणि दोन शब्दांची जोडी ('बाबा गेले', 'अजून मम') अशी अपेक्षा आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलोय. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये कुठल्या वयाला मुलाला काय यावं याची आपली यादी बदलली आणि ५० शब्द अडीच वर्षांवर नेले. त्यावरून 'बघा, आता उशीर चालतो' असे मेसेज फिरले. उलट आहे ते. त्या यादीत १०० पैकी ७५ मुलं त्या वयापर्यंत जे करतात ते दिलंय. म्हणजे तिथेही मागे असणं हे थांबायचं कारण नाही, दाखवायचं कारण आहे. २७ महिन्यांना ८ शब्द कुठल्याही यादीत बसत नाहीत. 'मुलगे उशिरा बोलतात' हे अर्धं खरं. सरासरी फरक असतो, पण तो थोडा. वर्षभराचा नसतो.

गोड भागही आहे आणि तो लहान नाही. बोट दाखवतो, दाखवून तुमच्या चेहऱ्याकडे बघतो, चपला आणतो, हाकेला वळतो. हे मला पहिल्या ५ मिनिटांत बघायचं असतं. अशी समज चांगली असलेली बरीच मुलं पुढे गाठतात, काही जण मदतीशिवायसुद्धा. अडचण इतकीच की यातलं कोण आपोआप गाठेल आणि कोण नाही, हे आज कोणालाच छातीठोक सांगता येत नाही. उलट बोट दाखवत नसता, हाकेला वळत नसता किंवा येत असलेले शब्द गेले असते, तर मी तुम्हाला उद्याच निघा म्हटलं असतं. तरीही एम-चॅट नावाची, ऑटिझमची शक्यता चाचपणारी २० प्रश्नांची चाचणी १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी असते, ती करून घ्या. अजून वयात बसतो.

सासूबाईंच्या त्या वाक्याबद्दल. 'बापही उशिरा बोलला' हा घरोघरी धीर म्हणून दिला जातो. आमच्या केसपेपरवर तेच वाक्य जोखमीच्या रकान्यात लिहिलं जातं. घराण्यात असेल तर मुलात असण्याची शक्यता वाढते, आणि उशिरा बोलणाऱ्यांपैकी काहींना पुढे वाचायला-लिहायला जड जातं. जमलं तर मुलाच्या बाबांना शांतपणे विचारा, शाळेत वाचन कसं होतं. भांडण म्हणून नाही, माहिती म्हणून.

वेखंड बंद करा. बोलणं जिभेच्या टोकाला अडकलेलं नसतं की काहीतरी चोळून सुटेल. जीभ खाली चिकटलेली असली तरी त्याने फार तर उच्चार बिघडतात, शब्द येणं थांबत नाही. (इतर वाचणाऱ्यांसाठी: मध तर १ वर्षाच्या आत अजिबात नाही.) पेरू मात्र मला आवडला! उष्टा नको, बाजारातून अख्खा आणा. 'पे' म्हणताना ओठ मिटतात आणि उघडतात, मुलाला ते दिसतं. फोड हातात धरा, तोंडाजवळ न्या, एकदा 'पेरू' म्हणा. आणि गप्प बसा. मनातल्या मनात १० मोजा. फार लांब वाटतं, माहीत आहे, आमच्या विद्यार्थिनींनाही ४ च्या पुढे जाववत नाही. तो 'प' म्हणाला, 'अं' म्हणाला, नुसते ओठ हलवले, तरी फोड द्यायची. 'पेरू म्हण, मग देते' असा दम नाही. काहीच नाही केलं तरी द्यायची, आणि देताना पुन्हा 'पेरू'.

'हे काय? ते काय? सांग बरं?' ही परीक्षा बंद. त्याऐवजी तो जिथे आहे तिथून एक पाऊल. तो 'ट्ट' म्हणाला की तुम्ही 'ट्रॅक्टर गेला' म्हणा. 'पा' म्हणाला की 'गार पाणी'. पेल्यात पाणी तळाला जेमतेम द्या, म्हणजे पुन्हा मागायला कारण मिळतं. डब्याचं झाकण घट्ट लावून द्या. सासूबाईंना हे समजलं तर त्या माझ्यापेक्षा चांगल्या थेरपिस्ट होतील, कारण ८ तास त्यांच्यापाशी आहेत, माझ्यापाशी ४५ मिनिटं.

मोबाईलचं तुम्ही स्वतःच ओळखलंय. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला २ वर्षांपर्यंत अजिबात नाही आणि २ ते ५ मध्ये दिवसाला जास्तीत जास्त १ तास, तोही सोबत बसून, असा आहे. जेवताना बंद केलात तर पहिले ३-४ दिवस उपासमार झाल्यासारखं वाटेल. होत नाही.

पैशाचं. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी हा मुलांच्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारा विभाग असतो, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातला. हा कार्यक्रम २०१३ पासून आहे, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत, मोफत. कान, बोलणं, वाढ, सगळं तिथे बघतात. गावातल्या अंगणवाडीत याच कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं, अंगणवाडी सेविकेला विचारलं तर तीही तिथे जायच्या चिठ्ठीची वाट दाखवेल. खाजगीत जायचं तर त्या व्यक्तीचा आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारल्यावर जो रागावेल त्याच्याकडे जाऊ नका.

आणि तपासणीला जाणं म्हणजे थेरपीला होकार नव्हे. पुष्कळदा मी आईला घरी करायच्या चार गोष्टी देते आणि ३ महिन्यांनी या म्हणते.

---

पस्तावलेला_बाबा | ११ ऑगस्ट, सकाळी १०:२०

वरच्या मॅडमचं खरं आहे पण दुसरी बाजू सांगतो. आम्ही पुण्यात एका सेंटरला गेलो. नाव घेत नाही. पहिल्या दिवशी २० मिनिटं मुलाला बघितलं आणि ३६ सेशनचं पॅकेज हातात. एकरकमी भरलं तर सूट. भरलं. कान तपासले का, तर नाही. आत काय चालतं, तर आईबापांनी बाहेर बसायचं, दार बंद, काचेला पडदा. बाहेर येऊन मुलगा चित्रातल्या फळांची नावं सांगायचा, आणि घरी तहान लागली की माठापाशी जाऊन रडायचा.

१९ सेशननंतर आम्ही सोडलं. उरलेले पैसे मिळाले नाहीत. दुसरीकडे गेलो तर त्या बाईंनी पहिलं काम काय केलं असेल? मला खाली सतरंजीवर बसवलं, मुलासमोर, आणि म्हणाल्या, 'तुम्ही खेळा, मी बघते.' ४७ वर्षांचा माणूस मी, गुडघे दुखतात, घाम फुटला. मिनिटभराने म्हणाल्या, 'बाबा, तुम्ही आतापर्यंत ११ प्रश्न विचारलेत. त्याला बोलायला जागा कुठे ठेवलीत?'

म्हणून थेरपी करा, पण बंद दारामागची नको.

---

बोलकं_पान | ११ ऑगस्ट, सकाळी ११:०२

पस्तावलेला_बाबा, १०० टक्के. आईबापांना आत घेत नसतील तर कारण विचारा. एखाद्या मुलाला आई दिसली की रडूच थांबत नाही, तेव्हा तात्पुरतं बाहेर बसवतो. पण ३६ सेशन? नाही.

---

जर्सीची_काकू | ११ ऑगस्ट, रात्री ८:४०

आमच्याकडे, न्यू जर्सीत, ३ वर्षांखालच्या मुलाची तपासणी सरकारतर्फे फुकट होते. फोन केल्यापासून ४५ दिवसांत तपासणी करून योजना कागदावर यायला हवी असा कायदाच आहे, आणि थेरपिस्ट घरी येते. नातवासाठी सुनेने फोन केला तेव्हा मीही तुमच्या सासूबाईंसारखीच म्हणाले होते, 'आमच्यात उशिराच बोलतात.' तेव्हा सासूबाईंवर फार रागावू नका. आपल्या माणसात काही कमी आहे हे ऐकायला नको असतं, इतकंच असतं ते.

एक सांगायचंय. शेजारपाजारचे सगळे म्हणाले, घरात मराठी बंद करा, दोन भाषांनी गोंधळतो. येणारी थेरपिस्ट अमेरिकन, मराठीचा गंध नाही, ती म्हणाली अजिबात बंद करू नका, जी भाषा तुमच्या तोंडात सहज येते तीच बोला. दोन भाषांनी मूल उशिरा बोलत नाही, आणि शब्द मोजताना दोन्हीकडचे धरायचे. तिने माझ्याकडून 'अजून' शब्द शिकून घेतला. 'अझून' म्हणायची. दोन्ही हातांची बोटं एकमेकांवर टेकवून 'अजून'ची खूण करायची, वर 'अझून!' नातू महिनाभर नुसती खूण करायचा. मला वाटलं, झालं, आता हातवारेच करत राहणार. पाचव्या आठवड्यात पोळीसाठी खूण केली आणि तोंडाने 'झून'. तिच्यासारखंच! आता ६ वर्षांचा आहे, 'अजून' नीट म्हणतो, आम्हीच घरात 'झून' म्हणतो.

---

द्राक्षबागेतली | ७ सप्टेंबर, रात्री ११:१०

सगळ्यांचे आभार. उत्तरं तेव्हाच वाचली होती, लिहायला आज सवड मिळाली.

ठाणे_लोकल ताईंचं ऐकून 'कान दाखवायचेत' एवढंच घरात सांगितलं. सासूबाई लगेच तयार, वर म्हणाल्या मीही येते. जिल्हा रुग्णालयात गेलो. ओएई दोन्ही कानांचं पास, इम्पिडन्सला दोन्हीकडे डोंगर. मला आधी आनंद झाला आणि मग भीती वाटली, की कान चांगले तर मग काय? एम-चॅटचे प्रश्न विचारले, त्यात काळजीचं काही आलं नाही.

मग बोलण्याची तपासणी. तपासणाऱ्या मुलीने एका डब्यात गाड्या घालून झाकण घट्ट लावलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. याने ओढलं, आपटलं, मग डबा त्या मुलीकडे ढकलला आणि म्हणाला, 'अब्बू.' ती म्हणाली, 'उघडू?' आणि उघडला. बंद केला. पुन्हा 'अब्बू.' महिनाभर घरातली पाच माणसं डोकं खाजवत होती. अब्बू म्हणजे उघड! सासूबाई म्हणाल्या, 'अगं बाई, म्हणून कपाटापाशी अब्बू अब्बू करतो होय.' मला हसूही आलं आणि रडूही.

मग तिथल्या मोठ्या मॅडमनी विचारलं, घरात आणखी कोणी उशिरा बोललं होतं का. सासूबाईंनी अभिमानाने सांगितलं, ह्याचा बाप, तिसरं सरल्यावर. मॅडमनी लिहून घेतलं आणि नवऱ्याला विचारलं, शाळेत वाचायला कसं जायचं? मी घरी विचारायचं म्हणत होते, धीर झाला नव्हता. नवरा थोडा वेळ मुलाच्या गाडीचं चाक फिरवत बसला. मग म्हणाला, 'चौथीपर्यंत धडा वाचायला उभं केलं की पोटात दुखतंय सांगायचो. पोरं मुक्या म्हणायची. वर्गात मुक्या हेच नाव होतं.' लग्नाला ६ वर्षं झाली, मला माहीत नव्हतं. सासूबाईंनाही नव्हतं. त्या म्हणाल्या, 'मला कधी बोलला नाहीस.' तो म्हणाला, 'तू गुरुजींना भांडायला आली असतीस.' येताना गाडीत कोणीच बोललं नाही, फक्त मागून अधूनमधून 'ट्ट'.

दुसऱ्या दिवशी सहाण देवघरात चंदनाच्या जागी परत गेली होती. मी काही विचारलं नाही.

आता ठरलंय ते असं: १५ दिवसांतून एकदा तिथे, घरचा माणूस सोबत आत बसून, बाकी सगळं घरी. ३ महिन्यांनी पुन्हा मोजणी, तोवर हालचाल दिसली नाही तर आठवड्याला. खाजगीचं तूर्त बाजूला ठेवलंय. जेवताना मोबाईल बंद. पहिले दोन दिवस भाताचे चार घास खाल्ले असतील, तिसऱ्या दिवशी अर्धी पोळी. बोलकं_पान मॅडम, उपासमार झाली नाही.

पेरूचं सांगायचं राहिलं. मला १० मोजणं जमत नाही, ५ ला तोंडातून 'अरे सांग ना' निघून जातंच. सासूबाईंना बरोबर जमतं. एका हातात पेरूची फोड, दुसऱ्या हातात जपमाळ, आणि १० मणी होईस्तोवर ओठ मिटून त्याच्याकडे बघत बसतात. गेल्या मंगळवारी मी कामावरून आले तर ओट्यावर दोघं समोरासमोर. सहाव्या का सातव्या मण्याला तो म्हणाला, 'पे.' सासूबाईंनी फोड दिली, पुढची फोड उचलली आणि पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरू. अख्खा पेरू संपेपर्यंत मी उंबऱ्यातच उभी होते.

कागदावर आता १५ ओळी आहेत. 'आई' अजून नाही. 'आजी' म्हणायला लागलाय, 'आजी'चं 'आजि' तरी नक्की. असू दे.

पुढची तारीख २१ ची आहे. काही घेऊन जायचं असतं का? मागच्या वेळी लसीचं कार्ड नव्हतं तर पुन्हा आणून दाखवा म्हणाले.

---

ठाणे_लोकल | ८ सप्टेंबर, सकाळी ६:४८

लसीचं कार्ड, आधीचे रिपोर्ट, आणि फ्रिजवरचा तो कागद. प्रत्येक शब्दासमोर तारीख टाका, कधी आला ते विचारतात. आणि खाऊ डब्यात न्या, झाकण घट्ट लावून.